रिकामा पाळणा

पार्कच्या गेटवर लावायचा बोर्ड मी लिहिला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी घरात बोलते, वाचतेही बऱ्यापैकी, पण एखाद्या शब्दाला दुसराही अर्थ असतो हे मला चारचौघांत फजिती झाल्यावरच कळतं. मी लिहिलं, ‘पाळणा तात्पुरता बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ पेंटरने एक अक्षर न बोलता ते निळ्या रंगात रंगवलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं बोर्डाशेजारी उभी राहून फोटो काढत होती.

“क्षमस्व बी म्हणलंय बे,” त्यांतला एक म्हणाला. “सरकारी दवाखान्यात नेऊन लावा की हे.”

मला काहीच कळेना. शेवटी आकाशपाळणा चालवणाऱ्या काकांनी दुसरीकडे बघत सांगितलं की ‘पाळणा बंद’ म्हणजे मूल होणं बंद, बाईचं ऑपरेशन झालं. मी तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसले आणि दुपारपर्यंत बाहेर आले नाही. मॅनेजर सर मात्र खूश होते. राहू द्या, म्हणाले, या निमित्ताने लोक बोर्ड वाचतील तरी.

लोकांनी बोर्डाचे फोटो काढले, पण वाचला कुणी नाही. आमचं पार्क अंबाजोगाईच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. लहानसंच. एक आगगाडी, एक घसरगुंडीचं तळं, खाण्याचे दोन स्टॉल आणि आकाशपाळणा. तो पाळणा लांबच्या शेतांतूनही दिसतो. पार्क चालू आहे की बंद, हे लोक त्याच्याकडे बघून ठरवतात. आणि पाळणा तर रोज फिरत होता.

झालं होतं ते असं. दुसऱ्या एका जिल्ह्यात जत्रेतल्या पाळण्याचा डबा तुटून माणसं जखमी झाली. मग तपासणी होईपर्यंत सगळीकडचे पाळणे बंद ठेवा, असा आदेश आला. आमच्या पाळण्यात काही बिघाड नव्हता. पण तपासणारा माणूस यायचा होता, आणि तो येत नव्हता. फोन केला की लवकरच येऊ असं उत्तर मिळे. परवाना सगळ्या पार्कचा एकच, म्हणून आगगाडीही बंद आणि तळंही कोरडं. काका मात्र सकाळी येऊन पाळण्याला वंगण घालायचे आणि दिवसातून थोडा थोडा वेळ तो रिकामा फिरवायचे. मशीन एकदा झोपलं की उठत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे लोक यायचे. मोटारसायकलवर पुढे एक आणि मागे दोन मुलं बसवून बाप यायचे. बचत गटाच्या बायका टमटम भरून आल्या, डब्यांसकट. मी खिडकीतून सांगायची की बंद आहे, आणि ते माझ्या डोक्यावरून वर फिरणाऱ्या पाळण्याकडे बघायचे. मी खोटं बोलतेय असा त्यांचा चेहरा असायचा. माझा आवाज मुळात लहान, त्यात काच. शेवटी त्या बायकांनी गेटसमोरच्या लिंबाखाली डबे सोडले, जेवल्या, एकमेकींचे फोटो काढले आणि निघून गेल्या. ती कॉलेजची पोरं तर दर रविवारी यायचीच. समोरच्या पुलाच्या कठड्यावर ओळीने बसून भेळ खायची आणि डबा वर गेला की हात वर करून ओरडायची, जणू आत बसलीयत.

मागच्या वस्तीवरच्या बायकांचं काम वेगळं होतं. त्या एके दिवशी मॅनेजर सरांना भेटायला आल्या. रिकामा पाळणा हलवू नये, असं त्यांचं म्हणणं. घरातला साधा पाळणासुद्धा बाळ नसताना कुणी हलवत नाही, आणि वस्तीवर दोन लेकी बाळंतपणाला आल्या होत्या. सर हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कँटीनमधला वरवंटा फडक्यात गुंडाळला आणि एका डब्यात ठेवला. मी विचारलं तेव्हा माझ्या अज्ञानाची त्यांना कीव आली असावी. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, त्याला गोप्या म्हणतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. सरांनी फक्त एवढंच बजावलं की तो तारेने घट्ट बांधा, वरून पडून नवीन भानगड नको. मग आमचा पाळणा वरवंट्याला घेऊन फिरू लागला आणि वस्तीवरच्या बायका निवल्या.

ही गोष्ट नेहमी येणाऱ्या एका मावशींना कळायला नको होती.

मावशी आठवडी बाजाराच्या दिवशी यायच्या, पार्क सुरू झाल्यापासून. बरोबर त्यांची मुलगी असायची, साधारण माझ्या वयाची, चांगली उंच, केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. ती बोलत नाही. आवाज करते, आणि मावशींना तो कळतो. कुणी अंगाला हात लावलेला तिला चालत नाही. पाळण्यात मात्र ती शांत बसायची. डबा वर गेला की मान मागे टाकायची आणि एकच सूर लावून गुणगुणायची, ते खाली मला काचेआडही ऐकू यायचं. त्या दिवशी ती पोटभर जेवते आणि गाढ झोपते, असं मावशी सांगायच्या. तो झोपेचा दिवस पुढच्या बाजारापर्यंत त्यांना पुरवावा लागायचा. नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला जाई. मुलीला टोळीत नेता येत नाही म्हणून मावशी मागे राहत, घरी दोघीच.

मला ती मुलगी आवडायची. तिच्याशी मला काही बोलावं लागत नसे, आणि तिलाही माझ्याशी.

पाळणा बंद झाल्यावर मावशी पहिल्या बाजारी आल्या तेव्हा मी सांगितलं, पुढच्या वेळी होईल चालू. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. त्यानंतर त्या आल्या तेव्हा मुलीच्या कपाळाला सूज होती. भिंतीवर डोकं आपटते, मावशी म्हणाल्या. घर शेतात, तिथून पाळणा दिसतो. तो फिरायला लागला की ही चपला घालून दारात उभी. दार लावलं की आपटाआपट. एकदा दार उघडं राहिलं तर ही थेट हमरस्त्यावर, मधोमध चालत, समोरून उसाचे ट्रॅक्टर.

त्या दिवशी त्यांनी डब्यातलं गाठोडं पाहिलं. काकांना विचारलं, काकांनी खरं ते सांगितलं. मग त्या सरळ सरांच्या खोलीत गेल्या. मी कागद द्यायच्या निमित्ताने आतच होते.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “दगूड बसलेला चालतो, अन् माझी लेक न्हाई चालत?”

सरांनी खिडकीतून पाळण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मावशी, दगड पडला तर मला कुणी विचारणार नाही. तुमची लेक पडली तर?”

“पडत न्हाई ती. दोन वरसं झाली बसती.”

“मला माहीत आहे.”

“मंग?”

सर वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. मावशींचंही चुकीचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिकलेली आहे, काहीतरी बोलेल म्हणून. मी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडा जुळवत राहिले.

एवढं ठरलं की काकांनी पाळणा उजाडायच्या आत फिरवायचा, मुलगी उठायच्या आधी. काकांनी तसं केलं. पण मोटरचा आवाज पहाटे आणखी लांब जातो, आणि मुलगी तशीही झोपत नव्हती. मग काकांनी सांगितलं, बंदच ठेवतो काही दिवस. तर मावशींचा फोन आला. पाळणा हलत नाही म्हणून मुलीने जेवण सोडलं होतं. फिरला तरी पंचाईत, नाही फिरला तरी. मी फोन धरून नुसती हो, हो म्हणत होते. तपासणीवाल्यांनाही मी फोन लावला, जे माझं काम नव्हतं. घसा दोनदा साफ करून, मनात वाक्य जुळवून बोलले. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि नंबर कुठून मिळाला ते विचारलं.

मग एका दुपारी ती आत आली. एकटीच. गेट बंद होतं, कुंपणाला कुठे फट होती ते तिला कसं कळलं कोण जाणे. मी पाहिलं तेव्हा ती सर्वांत खालच्या डब्यात बसलेली होती. डब्याची आडवी दांडी तिने स्वतः पुढे ओढून घेतली होती, हात दांडीवर, मान मागे टाकलेली. तयार.

काका स्विचच्या खोलीपासून लांब जाऊन उभे राहिले. तिथे उभा राहिलो तर हात स्विचवर जाईल, म्हणाले. मी मावशींना फोन केला. त्या येईपर्यंत मी समोरच्या ओट्यावर बसून राहिले. ऊन उतरलं होतं. ती वर बघत होती आणि अजून गुणगुणत नव्हती.

मावशी धापा टाकत आल्या. पायात चप्पल नव्हती. उतर म्हणाल्या, गोडीने, मग रागावून. ती हलली नाही. ओढून काढावं तर हात लावलेला चालत नाही. शेवटी मावशींनी डब्याची एक कड धरली आणि डबा हलवायला लागल्या, पुढेमागे, बाळाला हलवतात तसा. मी उठून दुसरी कड धरली. डबा जड होता, करकरत होता. आम्ही दोघी एका लयीत यायला वेळ लागला. काका येऊन मागून रेटा द्यायला लागले. सर खोलीच्या दारात आले आणि तिथेच उभे राहिले.

डबा चांगला झुलत होता. तिने मान सरळ केली. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, मग खाली, ओट्याकडे. ओटा जागच्या जागीच होता, खाली गेलेला नव्हता. तिने दांडी मागे सारली. आम्ही डबा थांबवला. ती उतरली आणि कुणाची वाट न बघता गेटकडे चालायला लागली.

“तिला कळतं,” मावशी म्हणाल्या. माझ्याशी नाही, काकांशी नाही.

काकांनी धावत जाऊन गेट उघडलं. मावशी तिला गाठून तिच्या उजव्या अंगाला झाल्या, वाहनं येतात त्या बाजूला. हात धरता येत नव्हता, म्हणून नुसत्या शेजारून चालत होत्या, ती वळेल तसं वळत. उसाचा एक ट्रॅक्टर त्यांच्या मागे हळू झाला, मग कडेने पुढे गेला.

तपासणीचा माणूस अजून आलेला नाही.