काकांच्या पानाला कावळा शिवेना

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवर टेकू देत नाही. पेणला वालाचा व्यापार स्वतःच्या हिमतीवर उभा केला. घराण्याकडून मिळालं काय, तर इतरांनी टाकलेली कामं!

त्यातलंच एक — मोठ्या काकांचं श्राद्ध. दुसऱ्या महायुद्धात ते इंग्रजांच्या बॉम्बर विमानावर होते, परत आले नाहीत. तिथी माहीत नाही, म्हणून सर्वपित्रीला पान. पुण्याचा चुलतभाऊ ग्रुपवर 'आमचे शूर काका' लिहितो, पण तीन वर्षांपूर्वी पान मांडायला त्याला सवड नव्हती. शेवटी मीच मांडलं, रोह्याजवळ निडीला, आत्याच्या पडवीच्या पत्र्यावर. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण.

शेजारच्या आंब्यावर कावळे बसलेले. एक खाली उतरेल तर शपथ! दुपारचे दोन वाजले. नव्वदीची आत्या, त्यात साखरेचा त्रास... हटून बसली. "कावळा शिवल्याबिगर मी जेवनार नाय."

मी हात जोडून कबूल करत सुटलो — काका, शाळेत तुमचा फोटो लावतो, आत्याचं छप्पर नवं करतो... काही नाही. शेवटी भडकलो. "तुम्हाला हवंय तरी काय?"

आत्या म्हणाली, "इमानात एकटाच व्हता का तो? सोबती उपाशी आन् हा जेवंल व्हय?"

"किती होते सोबती?"

"मला काय म्हाईत? तू येपारी ना? वाढव की!"

दुसरं पान मांडलं. तिसरं, चौथं... दर पानाला वाटायचं, आता तरी सौदा पटेल. असं चिवट गिऱ्हाईक उभ्या जन्मात पाहिलं नाही! सातवं ठेवून वळतोय, तोच सगळे कावळे खाली. मी चिडून आठवंही ठेवलं, परीक्षा म्हणून. सात पानं साफ झाली. आठव्याला संध्याकाळपर्यंत चोच लागली नाही.

आत्या मात्र पोटभर जेवली.

रात्री भावाला फोनवर झाडलं. तेव्हा कुठे त्यानं पेटीतलं जुनं सरकारी पत्र पाठवलं — आत्याला इतकी वर्षं दाखवलंही नव्हतं! विमानात सात जण होते. सातही गेले.

अन्न दिसलं की कावळे येतात, हे मलाही कळतं. मग आठवं का सोडलं?

आता आत्याही नाही. यंदा सात पानं मांडली आणि शेजारी आठवं, तिचं. मी शिडी उतरेपर्यंत आठही शिवली गेली होती. का, ते मला विचारू नका... काकांना विचारून मी थकलोय.