न घेतलेलं नाव

पंचावन्नी उलटली आणि शब्द माझ्याशी आट्यापाट्या खेळू लागले. समोर झारा लटकतोय, हात त्याच्याकडे गेलाय, आणि तोंडातून निघतं, "ते... ते दे वं." सून हसायची. मला राग यायचा. झारा काय असतो, कशाला लागतो, सगळं मला ठाऊक होतं; फक्त त्याचं नाव वेळेवर येत नव्हतं.

आमच्या यांचंही तेच व्हायचं. लकडगंजातल्या लाकडाच्या वखारीत जन्म गेलेला माणूस, पण साठीनंतर सागवानाशी येऊन अडायचा. ते अडले की बैठक गुमान वाट पाहायची. माणूस विचार करून बोलतो, म्हणायची. तेवढ्यात मी आतून हळूच शब्द पुरवायची. मी अडले की मात्र हीच मंडळी एकमेकांकडे पाहायची. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत होती हो! कशी शाबूत होती ते मला विचारा. पण मला कोणी विचारलं नाही.

मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी मला तपासून सांगितलं की हा रोग नाही. वयानं अर्थ कुठे जात नाही, पण अर्थापासून उच्चारापर्यंत पोचायला वेळ लागतो. रोजच्या वापरातला शब्द लवकर सापडतो, न वापरलेला उशिरा. त्यातही माणसांची नावं फार दगाबाज. झाऱ्याला भोकं असतात, त्यावरून काहीतरी सुचतं. माणसाच्या नावाला धरायला काहीच नसतं.

आता मी कधीच न वापरलेलं नाव कोणतं, हे बाईमाणसाला सांगायला नको. नवऱ्याचं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पुढे दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, शाळेत कोणी विचारलं की मी पोराला कोपर मारायची आणि तो खणखणीत आवाजात बापाचं नाव सांगायचा. लोक माझ्या वळणाचं कौतुक करायचे.

नंदनवन वस्तीतलं घर यांनी माझ्या नावावर केलं होतं. मुलाला ते विकायचं होतं. मी जिवंत आहे तोवर नाही, असं मी त्याला साफ सांगितलं. एका रविवारी तो वकील घेऊन आला. बरं झालं, म्हटलं, वकिलांसमोरच ठणकावून सांगते. वकिलांनी सरबत संपवलं आणि म्हणाले, "काकू, पहिले थोडं विचारतो. काकाजींचं नाव काय?"

सवयीनं मी पोराकडे पाहिलं. तो समोरच्या खुर्चीवर बसून पंख्याकडे पाहत होता. मी कशाची वाट पाहतेय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग मी लाज गिळली आणि नाव घ्यायला गेले. सासऱ्यांचं आलं. मग दिरांचं. यांचा चेहरा दिसत होता, चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी दिसत होती, खोकला कानात होता. जितकी ओढाताण करावी तितकं दिरांचंच नाव आडवं यायचं.

"पाहिलं ना?" मुलगा वकिलांना म्हणाला. "आईले बाबाचं नावबी आठवून नाही राहिलं. तिले घराचं काय समजन?"

ज्या बाईला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही, तिनं भांडावं कोणत्या तोंडानं? मी मान खाली घातली आणि कागद पुढे आला तिथे सही केली. डोकं गेलेल्या बाईची सही मात्र सगळ्यांना चालली.

घर गेल्यावर एका सकाळी अंबाडी निवडत बसले होते, आणि नाव आपसूक आलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. मी ते मोठ्यानं घेतलं. पुन्हा घेतलं. जन्मभराचं राहिलेलं घेत सुटले. सून स्वयंपाकघरातून धावत आली, माझ्या तोंडाकडे बघतच राहिली, आणि मग बाहेरच्या खोलीकडे वळून ओरडली, "अहो, इकडे या जी लवकर! आई मामंजींचं नाव घेऊन राहिल्या. पुरतंच डोकं गेलं यांचं!"