वर्गणीदारांची यादी

नाहूरच्या लवू धुरींनी बावीस वर्षं गणेशोत्सव मंडळाची खजिनदारी केली आणि एकाही वर्गणीदाराचं नाव फलकावरून सुटू दिलं नाही. नाव सुटलं की माणूस रुसतो आणि पुढच्या वर्षी दारच उघडत नाही, हा त्यांचा अनुभव. हे ठाऊक असल्यामुळेच शेजारच्या दीप्तीने आपल्या गटाचे पैसे त्यांच्याकडे सोपवले.

गटाचं काम वेगळंच. इंटरनेटवर कोण कुठून काय पाहतंय याचा माग कुणाला लागू नये, म्हणून जगभर हौशी माणसं पदरमोड करून सर्व्हर चालवतात. दीप्तीच्या गटाचे असे तीन होते. त्यांचं भाडं देणग्यांतून जायचं. लवूकाका पावत्या फाडू लागले. ज्यांनी पत्ता दिला नव्हता, त्यांना फोन करून तो मागून घेतला.

मार्चअखेर दीप्ती म्हणाली, "काका, वर्षाचा हिशेब आपल्या वेबसाइटवर टाका ना."

रविवारी सकाळी काकांनी टाकला. खाली सवयीने देणगीदारांची यादीही जोडली. नाव, पत्ता, रक्कम.

दुपारी दीप्ती धापा टाकत आली. "यादी काढली मी. पण सकाळपासून होती ती. रेवतीचं नाव, गोवंडीची चाळ, सगळं."

"माझा काय चुकला गो?"

"नवऱ्याच्या मारापासून पळालीय ती. तो रोज नेटवर शोधतो तिला. आपल्या नेटवर्कवरून ती वकिलाशी बोलते, म्हणून तर पाचशे रुपये दिले."

काकांनी पावतीपुस्तक उघडलं. पावतीवर नंबर होता. पहिला फोन उचलला नाही, दुसराही नाही. जानकीकाकूंनी वाढलेलं ताट तसंच निवत राहिलं.

"किती जणांनी बघितली ते तरी कळतं ना?"

"नाही. कोण आलं-गेलं याची नोंदच ठेवत नाही आपण. तेच तर तत्त्व आहे."

चौथ्या खेपेला रेवतीने फोन उचलला. काकांनी आपली चूक आधी सांगितली, बाकीचं नंतर.

"कधीपासून होती?"

"साडेनवापासून."

"आता दोन वाजलेत." कपाट उघडल्याचा आवाज आला. "तुम्ही पत्ता मागितलात तेव्हा वाटलं, वडीलधारं माणूस आहे, पावतीपुरतं मागतंय."

"मी येतो गो बाय. दीप्तीला घेऊन येतो. सामान उचलायला—"

"नको. कुणीच येऊ नका."

"मग जाशील कुठे?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि काकांनी जीभ चावली. रेवतीने फोन ठेवला होता.

संध्याकाळी तो नंबर बंद लागला. सुखरूप पोचून तिने बंद केला, की आणखी काही, हे सांगणारं कुणी नव्हतं.

काका आता पेपर उघडतात तो आतल्या पानापासून, जिथे उपनगरांतल्या चार-चार ओळींच्या बातम्या असतात. गोवंडी दिसलं की आधी चष्मा पुसतात, मग वाचतात.