ओवाळणीत दिलेलं ॲडमिशन

माझ्या भावानं मला फसवलं. एवढं एक वाक्य लिहायला मला सात महिने लागले. भाऊ सख्खा नव्हे, चुलत. पण मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे कळायला लागल्यापासून भाऊबीजेला मी त्यालाच ओवाळत आले. सख्खा आणि चुलत असा फरक आमच्या घरात कुणी कधी केला नाही. निदान मी तरी नाही.

आम्ही गारगोटीला राहतो. मी प्राथमिक शाळेत शिकवते, नवरा गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी आहे. मुलगी एकच. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि हे खूळ आम्ही तिच्या डोक्यात घातलेलं नव्हतं. सातवीत असताना शेजारची म्हैस अडली, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना बॅटरी धरायला ही उभी राहिली आणि घरी येऊन दोन ताटं जेवली. मला वाटलं, पोरगी गुरांची डॉक्टर होणार. दहावीपर्यंत ती माणसांवर आली.

अकरावी-बारावी तिनं कोल्हापुरात राजारामपुरीच्या क्लासला काढली. चाचण्यांचे मार्क बरे पडत होते, पण उंबऱ्यावरचे. म्हणजे सरकारी कॉलेज मिळालं तर मिळालं, चुकलं तर चुकलं. आम्हाला आधी वाटायचं, नीटची परीक्षा झाली की सुटलो. तसं नसतं. निकालानंतर राज्यातल्या कॉलेजांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमानं ऑनलाइन भरायची असते. ती वरपासून खाली बघत जातात. तुमच्या क्रमांकाला जे पहिलं कॉलेज बसतं ते तुमच्या नावावर पडतं, खालचं कुणी बघत नाही. आणि अगदी एक नंबरच्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. उंबऱ्यावरच्या पोरांचं सगळं भवितव्य त्या यादीच्या क्रमावर असतं.

म्हणून तिच्या बारावीच्या दिवाळीतच आम्ही माहितगार माणूस शोधायला निघालो. राजारामपुरीत त्याला तोटा नाही. गल्लीगल्लीत फ्लेक्स. एका ठिकाणी आम्हाला थंड केबिन, थंड पाणी आणि तीन पॅकेजं दाखवली. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. सिल्व्हरला फोन उचलणार, गोल्डला फॉर्म भरणार. मग प्लॅटिनमला काय करता, असं मी विचारलं, तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, पर्सनल लक्ष देतो." म्हणजे गोल्डवाल्यांकडे लक्ष देत नाहीत तर. समोरच्या गल्लीत दुसरं ऑफिस होतं. तिथल्या फ्लेक्सवर यशस्वी मुलगी म्हणून जिचा हार घातलेला फोटो होता, तीच मुलगी, त्याच हारासकट, पहिल्याच्याही फ्लेक्सवर होती. मी नवऱ्याला ते दाखवलं. तो म्हणाला, "चल, यष्टी चुकंल."

गारगोटीच्या स्टँडजवळ एक बाई नेट कॅफे चालवतात. आमच्या शाळेचे शिष्यवृत्तीचे फॉर्म मी त्यांच्याकडेच भरते. एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखवतात, प्रिंट काढतात आणि तिच्यावर सही केल्याशिवाय शेवटचं बटण दाबत नाहीत. त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, यादी तुमची तुम्ही आणा, मी भरून देते. कुठलं वर घ्यायचं न् कुठलं खाली, ते मला इचारू नका. मला त्यातलं कळत न्हाई." आम्हाला कळणारा माणूस हवा होता. आपल्याला कळत नाही असं तोंडावर सांगणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

भावाचं ऑफिसही राजारामपुरीतच होतं. एका क्लासच्या वरच्या मजल्यावर त्यानं तीन वर्षांपूर्वी करिअर मार्गदर्शनाचा बोर्ड लावला होता. त्याच्याकडे जायला मलाच अवघड वाटत होतं. भावाला फी कशी विचारायची, आणि न विचारता काम कसं सांगायचं? पण भाऊबीजेला तो आला, पाटावर बसला आणि मी निरांजन फिरवत असताना आपणहून म्हणाला, "आक्का, यंदा ताटात काय टाकणार न्हाय बघ. पोरीचं ॲडमिशन, हीच माझी ओवाळणी. एक रुपाय घेणार न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलंही नाही. इतके दिवस वणवण फिरले आणि माझा माणूस माझ्यासमोर पाटावर बसला होता!

आमच्याकडे एक रीत आहे. भावानं ताटात काय टाकलं, ते त्याच्यासमोर बघायचं नाही. ताट तसंच देवापाशी ठेवायचं आणि तो गेल्यावर पाकीट उघडायचं. समोर उघडलं तर भावाला जोखल्यासारखं होतं. ही रीत मला कुणी शिकवली नाही, बघून बघून ती माझ्या अंगात उतरली. त्या वर्षी ताट रिकामं होतं. तरी मी ते देवापाशीच ठेवलं.

परीक्षा झाली, निकाल लागला. मार्क अपेक्षेसारखे, उंबऱ्यावरचे. भावानं लॉगिन आणि पासवर्ड मागून घेतला, कागदपत्रांचे फोटो मागून घेतले. "आता तू शाळा बघ, मी हिकडलं बघतो," म्हणाला. मोबाइल नंबर माझा दिला होता, कारण पोरीचा फोन क्लासच्या काळात आम्ही काढून घेतला होता.

यादी भरायच्या आठवड्यात एका सकाळी मी डबा भरत होते. मुलगी मागं येऊन उभी राहिली. "आई, मामाकडनं यादी मागून घेऊया की. मी एकदा बघते."

"मामाची परीक्षा घ्यायलाईस व्हय?" मी म्हणाले. "एक पैसा घेत न्हाय बिचारा, आणि तू त्याचा पेपर तपासणार?"

डब्याचं झाकण लावता लावता मी आणखी दोन वाक्यं ऐकवली, माणसांची किंमत करायला शिक वगैरे. ती दोन वाक्यं आज मला परत घेता आली असती तर फार बरं झालं असतं.

त्याच दिवशी चौथीच्या वर्गावर असताना फोन आला. मी व्हरांड्यात गेले. भाऊ म्हणाला, "आक्का, मेसेज आलाय बघ. सहा आकडे वाच पटकन." मी चष्मा कपाळावरून खाली घेतला, सहा आकडे वाचले आणि परत वर्गात जाऊन भागाकार शिकवायला लागले. दुसऱ्यांच्या पोरांच्या फॉर्मवर जन्मतारीख चुकली म्हणून मी वाडीवरच्या बापाला दोनदा हेलपाटा घालायला लावलेली बाई. माझ्या पोरीच्या फॉर्मसाठी मला अर्धं मिनिट पुरलं.

पहिल्याच फेरीत नंबर लागला. भावाचा फोन आला, "आक्का, पेढं वाट. फस्ट राउंडलाच काम फत्ते!" कॉलेज खाजगी होतं. नाव ऐकून मी जरा थबकले. तो म्हणाला, "ह्या मार्कात गव्हर्मेंट न्हाय बसत, आक्का. हे बसलं हेच नशीब समज." आम्ही तेही मानलं. भावाला कळतं, आपल्याला काय कळतं?

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं ते कॉलेज बघायला गेलो. फीचा कागद बघून नवरा खुर्चीत मागं टेकला. काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टर पुढं ओढून विचारलं, "कुणाच्या तर्फे आलाय?" मी भावाचं नाव सांगितलं. त्या एकदम हसल्या. "मग काय बघायचं? त्यांची पोरं दरवर्षी आमच्याकडंच की. एक नंबरची पसंती आमचीच असते त्यांची." त्यांनी नावापुढं बरोबरची खूण केली. त्या पानावर तशा बऱ्याच खुणा होत्या.

एक नंबरची? मी पोरीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

गारगोटीत उतरल्यावर आम्ही घरी गेलोच नाही, सरळ नेट कॅफेत शिरलो. पासवर्ड भावाकडेच होता. नवीन पासवर्ड घ्यायला मेसेज माझ्या फोनवर आला आणि सहा आकडे मी पुन्हा एकदा वाचले. बाईंनी यादी उघडली आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या क्रमांकावर ते खाजगी कॉलेज. सरकारी कॉलेजं दुसऱ्यापासून सुरू. मग त्यांनी फेरीचा सगळ्या राज्याचा निकाल उघडला आणि बोट खाली खाली सरकवत नेलं. आमच्याच आरक्षण गटातला, पोरीच्या कितीतरी मागचा एक क्रमांक विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात लागला होता. ते कॉलेज आमच्या यादीत नववं होतं. ते खाजगी वर नसतं, तर ते माझ्या लेकीचं होतं.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही प्रिंट बघितली न्हाईसा?"

मी काय सांगणार होते? की ओवाळणी समोर बघायची नसते?

दुसऱ्या दिवशी मी एकटीच राजारामपुरीत भावाच्या ऑफिसात गेले. प्रिंट टेबलावर ठेवली. त्यानं ती वाचली नाही, बाजूला सारली आणि चहा सांगितला. "आक्का, मी भल्यासाठीच केलं. हजार किलोमीटरवर पोरगी पाठवणार व्हतीस? हिथं डोळ्यासमोर ऱ्हाईल."

"ते आम्ही ठरवलं असतं. तुला त्या कॉलेजातनं काय मिळतं?"

त्यानं पेन उघडलं, बंद केलं. मग म्हणाला, "हे बघ, कन्फर्म तुझ्याच नंबरवरनं झालंय. ओटीपी तूच दिलास की. उद्या कुठं तक्रार केलीस तर सिस्टीमला तुझंच नाव दिसंल."

राग मला येतो, चटकन येतो, माझी शाळा मला त्यासाठी ओळखते. पण त्या क्षणी राग आला नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की याचं उत्तर तयार होतं. मी येणार, हे त्याला आधीपासून माहीत होतं. पाटावर बसून ओवाळून घेतानाही कदाचित माहीत होतं. माझ्याकडून तो पैसे का घेत नव्हता, ते मला तेव्हा कळलं. पैसे दिले असते तर मी गिऱ्हाईक झाले असते आणि गिऱ्हाईक यादी बघायला मागतं. त्यानं केसानं गळा कापला आणि मान मीच पुढं केली. चहा तसाच ठेवून मी जिना उतरले.

कर्ज काढून ते कॉलेज घ्यायचं, की सोडून या वर्षीच्या फेऱ्यांतून बाहेर पडायचं, यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. नवरा शेताचे कागद काढून बसला. पोरीनं ते कागद उचलून परत पेटीत ठेवले. "मी परत देते परीक्षा," एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा राजारामपुरीच्या त्याच क्लासला, तिच्याहून एक वर्षानं लहान मुलींच्या खोलीत राहायला गेली. या वेळी तिचा फोन आम्ही काढून घेतला नाही. तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीत ती दोन दिवस घरी आली होती. भाऊबीजेला भाऊही आला, पेढ्यांचा पुडा घेऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. हातानं सवयीनं पाट मांडला, मी मांडला असं म्हणवत नाही. निरांजन लावलं, ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट टाकलं, चांगलं जाडजूड. मी ताट उचलून देवाकडे वळले.

"आई," मुलगी दारातून म्हणाली, "उघडून बघ की. मामासमोरच बघ."

मी ताट खाली ठेवलं, पाकीट उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा भावासमोर उघडलं. आत नोटा होत्या. मी त्या बाहेरही काढल्या नाहीत. पाकीट तसंच त्याच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. पुढच्या वर्षी येऊ नगंस."

"आक्का, सणासुदीला असं बोलत्यात व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं ओवाळलेला भाऊ होता तो माझा. पोरगी आत आली, तिनं गॅसवरचं दूध उतरवलं आणि अभ्यासाला गेली. मला वाटलं, आता आमच्या दोघींमधलं मिटलं.

परवा पेपरात आलं की नीटचे फॉर्म गेल्या आठवड्यातच सुरू झालेत. मी दिवसभर फोन जवळ घेऊन बसले. वर्गातही टेबलावर ठेवला. या वेळी एकेक ओळ मोठ्यानं वाचून घेणार होते, प्रिंट काढायला लावणार होते, सहा आकडे मागितले तर आधी सगळं दाखव म्हणणार होते. संध्याकाळपर्यंत मेसेज आला नाही, म्हणून मीच तिला फोन लावला.

"फॉर्म भरलास?"

"भरला. त्या स्टँडजवळच्या काकूंकडं. रविवारी आलते तवा."

रविवारी ती घरी आली होती, माझ्या हातचं जेवून गेली होती.

"मग मला ओटीपी कसा आला न्हाय?"

"नंबर बदललाय, आई. माझा टाकलाय."

"बरं केलंस," मी म्हणाले. जेवलीस का विचारलं, आणि फोन ठेवला.