फूटपट्टींचा मोजणी विभाग

फूटपट्टी हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते इमारतीने मिळून ठेवलं, आणि ज्याचं नाव त्यालाच तेवढं ठाऊक नाही. गृहस्थ सज्जन. लिफ्टची वाट पाहताना घड्याळ लावतात, एवढंच. बायको घरी शिवणकाम करते. मशीनला तेल कधी घातलं हेही तिला नवऱ्याकडूनच कळतं.

अशा माणसाला मोठ्या कंपनीत मोजणीचंच काम मिळालं, ही सोयच झाली. शेकडो डेव्हलपर दिवसभर काय करतात आणि त्यांचं काम भरभर कसं होईल, हे शोधायचं. आधी त्यांनी कोडच्या ओळी मोजल्या. ओळी दुप्पट झाल्या आणि कंपनीचं ॲप लंगडायला लागलं. मग संपवलेली कामं मोजली. तर एकाने बटणाचा रंग ठरवला, दुसऱ्याने तो दिला, तिसऱ्याने दिल्याची खात्री केली, आणि तिघांची तीन कामं झाली.

शेवटी फूटपट्टींच्या डोक्यात आलं, की माणसं मोजण्यापेक्षा त्यांचं खोळंबणं मोजावं. कोड बदलला की यंत्रं तो तपासून बघतात. तोवर डेव्हलपर बापडा हातावर हात ठेवून बसतो. त्यांनी मोजणीचा एक प्रोग्राम लिहिला आणि प्रत्येक तपासणीच्या पाठीशी लावून दिला.

त्यांच्या वरिष्ठ मॅडमनी बजावलं, "तिमाहीअखेर सुधारणा दिसली पाहिजे. नाहीतर वरचे तुमचा विभाग बंद करतील. विभाग म्हणजे तुम्ही एकटेच, लक्षात आहे ना?"

आलेख देखणे निघाले. तपासणीला लागतात चार मिनिटं. तरी डेव्हलपर मंडळी सदा कॉफीच्या यंत्रापाशी. त्यांच्यातला एक, केस खांद्यापर्यंत म्हणून सगळे त्याला झिपऱ्या म्हणत, एकदा सरळ टेबलाशीच आला.

"सर, अकरा मिनिटं लागतात."

"आलेखात चार आहेत."

"मग आलेखालाच कामाला बसवा ना. कॉफी पिऊन पिऊन मी पिवळा पडलोय."

फूटपट्टी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले, मनगटावरचं घड्याळ लावलं. तपासणी चार मिनिटांत संपली. मग त्यांचाच प्रोग्राम उठला. माहिती गोळा केली, जुनीशी ताडून पाहिली, आलेख रंगवला, आणि अकराव्या मिनिटाला झिपऱ्याची सुटका केली. स्वतःचा वेळ धरायचा नाही, असं फूटपट्टींनीच प्रोग्रामला शिकवलं होतं. मोजणी म्हणजे काही काम नव्हे, असं त्यांचं मत होतं.

"हे बाळ कोणाचं, सर?"

"माझंच," फूटपट्टी म्हणाले.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला प्रोग्रामची हकीकत सांगितली.

"बंद करून टाका की मग," बायको म्हणाली.

"अगं, बंद केलं की काम भरभर होईल. पण झालं हे दाखवू कशाने? मोजणारा तर तोच. आणि तो हलका करायचा तर दोन महिने हवेत. तिमाही शुक्रवारी संपते."

"मी बाई माप घेतलं की टेप काढते. गिऱ्हाइकाला टेप गुंडाळून घरी पाठवत नाही."

"तुझं वेगळं आहे."

"आहेच. माझे कपडे वेळेवर जातात."

दुसऱ्या दिवशी सकाळी फूटपट्टींनी प्रोग्राम बंद केला. दुपारपर्यंत कॉफीच्या यंत्रापाशी कुत्रं नव्हतं.

शुक्रवारी मॅडमनी पडद्यावरच्या आलेखाकडे बोट केलं. "ही रेघ मध्येच कुठे गेली?"

"मॅडम, तिथूनच सुधारणा सुरू होते." आणि त्यांनी सगळं सांगितलं. "दर तपासणीला सात मिनिटं वाचतात. माझ्या घड्याळाने."

"वरच्यांना काय तुमचं मनगट दाखवू?" मॅडमनी आलेखाकडे पुन्हा पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाल्या, "असं करा, परत लावा. या वेळी त्याचाही वेळ धरा. अकरा दिसू देत. मग दर तिमाहीला थोडं थोडं कमी करू. दोन वर्षं विभागाला मरण नाही."

बेत बिनतोड होता. फूटपट्टींनी मान हलवली, पण आडवी.

"पोरं परत बसून राहतील, मॅडम."

विभाग सोमवारी बंद झाला. फूटपट्टींना तपासणीची यंत्रं सांभाळणाऱ्यांत बसवलं. पगार तोच, टेबल मात्र पंख्याखालचं. दारावरची पाटी उतरवायला सुतार आला. फूटपट्टी खोकं घेऊन शेजारी उभे. राहवेना.

"पाटी काढायला साधारण किती वेळ लागतो हो?"

सुताराने तोंडातला स्क्रू काढला. "कोणी डोक्यावर उभं नसलं, तर लगेच निघते."

फूटपट्टी खोकं उचलून निघून गेले.