आधी तिचं पान

वंशावळ शोधायचं काम काकांनी माझ्या गळ्यात घातलं तेव्हा मला आधी हसू आलं. काकांच्या ट्रंकेत जो कागद आहे त्यात बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू असे सगळे बाप्येच उभे आहेत. मी त्यात नाही, आत्या नाहीत, आणि ज्या बायांनी हे बाप्ये जन्माला घातले त्याही नाहीत. तसं मी काकांना तोंडावर बोलूनही दाखवलं.

"तुला मोडी वाचता येतं," काका म्हणाले. "घरातल्या बाकीच्यांना निसता मोबाइल वाचता येतो. मंग सांगू कुनाला?"

मला डी.एड.ला घातलं ते काकांनी. वडील नको म्हणत होते, तर या माणसानं सख्ख्या भावाशी महिनाभर अबोला धरला. मी जन्मभर शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर हौसेनं मोडी शिकले, आज कर्जतला स्वतःच्या घरात राहते, ते सगळं त्या अबोल्याच्या जिवावर. तेव्हा हो म्हटलं.

काकांना हे खूळ लागलं त्याला कारण होतं. आमचं गाव कर्जतजवळच, कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, वर ठाकर आदिवासींची वाडी. खालची निम्मी शेतं आता फार्महाऊसवाल्यांची. एका सकाळी काका नेहमीच्या वाटेनं नदीकडे निघाले, तर नव्या गेटावरच्या वॉचमननं अडवलं, "बाबा, किधर जाना है?" पंच्याऐंशी वर्षं ज्या वाटेनं गेले त्या वाटेवर हा प्रश्न. काका घरी आले ते न जेवताच झोपले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी खालापूरच्या एका पाथरवटाकडे काळी शिळा सांगितली. वर 'गावाचा मूळ पुरुष' एवढं कोरून घेतलं, खाली नावापुरती जागा मोकळी. गावदेवीच्या देवळाशी ती बसवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कळू द्यायचं की इथं पहिलं कोण आलं. "माज्या डोळ्यांदेखत बसली पायजे," ते म्हणायचे. त्यांचं हृदय अधूनमधून दगा देतं, त्यामुळं घरात कुणी वाद घातला नाही.

पहिल्या माणसाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ. तो मावळातून घाट उतरून आला, कुऱ्हाडीनं रान तोडलं, वाघ मारला आणि गाव बसवलं. वाघ दर पिढीला हातभर वाढत गेला असावा, कारण माझ्या लहानपणी तो तरसाएवढाच होता. नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. तलाठ्याकडचे जुने कागद पणजोबांपाशी येऊन थांबले. राहिलं नाशिक. आमच्याकडचे लोक अस्थी घेऊन जातात ते ठरलेल्या उपाध्यांच्या घरी, आणि त्यांच्या वहीत प्रत्येक पिढी आपली नावं लिहून येते.

उपाध्ये तरुण होता, पण वह्या लाल फडक्यातच बांधलेल्या होत्या. दोन दिवस मी मान मोडून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. घाटावरचं मूळ गाव, त्या माणसाचं नाव, सगळं. बापाच्या अस्थी घेऊन आलेल्या त्याच्या मुलानं ते सांगून लिहवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी उपाध्याच्या आईला मिठीच मारली.

मग खालच्या चार ओळी वाचल्या. पुढच्यांनी विसरू नये म्हणून मुलानं आपली रीत लिहवून ठेवली होती. बाप आला तेव्हा तिथं ठाकराचं घर आधीच होतं. त्यानं पाणी दाखवलं, राहायला जागा दिली. म्हणून नवं भात निघालं की पहिलं पान त्या ठाकराच्या घराचं, आणि त्यानं घास घेतल्याशिवाय आपण खायचं नाही.

मी ते तीनदा वाचलं. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

काका चुकले एवढ्यापुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ती रीत मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती मोडली ती मीच.

आमच्या शेताच्या कडेला ऐनाचं झाड आहे. नव्याच्या दिवशी, म्हणजे नवा तांदूळ पहिल्यांदा शिजायचा तेव्हा, आम्ही सगळे तिथं जायचो. वाडीवरून ठाकराच्या घरचं कुणीतरी यायचं, पानावरचा भात खायचं आणि मग आमचं जेवण. का, ते कुणी सांगायचं नाही. रीत हाय, संपलं. मी शिकले, मास्तरीण झाले आणि मला ते खुपायला लागलं. गरीब माणसाला एवढ्या लोकांदेखत बसवून भात घालायचा, ही कसली दानत? मी घरात ठणकावून सांगितलं, द्यायचंच तर मानानं द्या, डबा भरून त्यांच्या घरी पाठवा. शिकलेली मुलगी बोलते म्हणून सगळ्यांनी ऐकलं. तेव्हापासून डबा जातो. आधी सायकलवर जायचा, आता मोटरसायकलवर. आणि मला त्याचा चक्क अभिमान होता.

नाशिकहून परतले ती घरी न जाता थेट वाडीवर गेले. त्या घरात आता एक म्हातारी आहे. काकांच्याच वयाची, आमच्याकडे पानावर बसलेली शेवटची. तिला वहीतलं सांगितलं, तर तिला नवल वाटलं नाही.

"ठाव हाय की. सगल्या वाडीला ठाव हाय."

"मग कधी बोलली का नाहीस गं आजी?"

"तुमी इचारलंच नाय."

"डबा यायला लागला तेव्हा काय वाटलं?"

"पयल्या साली झाडाकडं बघत बसले, कोन बोलवाया येतं का. मंग डबा आला. भात चांगला व्हता. पन तुमी आदी खाल्लेला आसायचा."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्या अंगणात रडले, आणि तिनं मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी काका ओटीवर वाल निवडत बसले होते. मी सांगून टाकलं. "काका, आपला माणूस पहिला नव्हता."

"कोन म्हनतो?"

"त्याचा स्वतःचा मुलगा."

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग सूप बाजूला सारलं. "याच्यासाठी शिकवली व्हय तुला?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर माझा फोन उचलला नाही. ज्या माणसानं माझ्यासाठी अबोला धरला त्यानं माझ्याशीच धरला, आणि तोही नव्याच्या तोंडावर. या वयात काही झालं तर हेच शेवटचं बोलणं ठरेल, या धास्तीनं मी पार खचून गेले.

नव्याच्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. "ये. येताना तिला घेऊन ये. डबा नको."

म्हातारीला रिक्षात घालून मी ऐनापाशी आणलं. घरचे सगळे जमले होते. काका इस्त्रीचा सदरा घालून खाली मातीत बसले होते, सकाळपासून उपाशी. त्यांच्यासमोर ती काळी शिळा होती, कोरलेली बाजू जमिनीकडे करून आडवी घातलेली, आणि तिच्यावर पळसाच्या पानात वाफाळता भात.

म्हातारी बसली. दात नाहीत, त्यामुळं पहिला घास तिनं बराच वेळ घोळवला. शेवटी गिळला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि पान काकांकडे सरकवलं. "घे, जेव."

काकांनी भातात हात घातला, पण घास उचलेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

"तुमच्या मानसानं आमच्या मानसाला इचारलं आसंल का गं," ते म्हणाले, "कुठं जायचंय म्हनून?"

"इचारलं आसंल की," म्हातारी म्हणाली. "मंग भाकर दिली आसंल."

काका जेवले.