नारिंगी दाढीची माशी

आमचे हे पासपोर्टचे फोटो काढतात आणि उरलेल्या वेळात माश्या ओळखतात. घरातल्या साध्यासुध्या नव्हेत; मेलेल्या उंदरावर घोंघावणाऱ्या, चकचकीत निळ्या-हिरव्या. कुठकुठली माणसं यांना फोनवर माश्यांचे फोटो पाठवतात आणि हे ताटातलं गार होऊ देऊन त्यांचे गाल न्याहाळत बसतात. निळ्या माशीच्या एका जातीचे गाल नारिंगी, दाढी काळी. दुसरीचे गाल काळे, दाढी नारिंगी. हो, माशीला दाढी असते. लग्न होऊन आले तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

ही नारिंगी दाढीवाली यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात काही केल्या येत नव्हती. दुसऱ्या कुणी "मी पाहिली" म्हटलं, की यांचं ठरलेलं, "फोटो दाखवा. बाजूने काढलेला." सख्ख्या भावाच्या शब्दावरही विश्वास ठेवला नाही.

लेकीच्या लग्नाआधी मी दम भरला, "त्या दिवशी कॅमेरा फक्त पोरीवर. माशीकडे बघाल तर गाठ माझ्याशी आहे." यांनी मुकाट मान डोलावली.

नोंदणी कार्यालयात जावयाने झोकात सही ठोकली. लेकीने पेन टेकवलं आणि थांबली.

"करा सही," साहेब म्हणाले.

पोरगी ढिम्म. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. विहीणबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे मात्र शब्दाला जागून पोरीच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून उभे.

"बाबा," ती ओठ न हलवता पुटपुटली, "मनगटावर. दाढी नारिंगी आहे. बाजूने घ्या, मी हलत नाही."

साहेब टेबलावर ओणवे झाले. विहीणबाईही वाकल्या.

"आणि लग्न?" जावयाने विचारलं.

"होतंय रे. तू जरा श्वास रोखून धर."

यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझं तोंड काय बघताय, काढा की," मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

खटका दाबला, माशी उडाली, सही झाली.

लेक सासरी गेल्यावर आम्ही दुकानातल्या संगणकावर फोटो उघडला. नुसता निळा डाग. यांचे हात थरथरले होते. ना गाल, ना दाढी.

"आता कसं कळणार कुठली होती ते?"

यांनी डोळे पुसले. "नारिंगी दाढीचीच. पोरगी म्हणाली ना."